कोर्कोवादोवरील मुक्तिदाता

ब्राझील देशातील रिओ द जानेरो या शहरी जाणाऱ्या प्रवाशाच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. तेथील जगप्रसिद्ध ख्रिस्तमूर्ती पाहण्यासाठी डोंगर चढावाच लागतो असे नाही. खाडीच्या पाण्यावरून, समुद्रकाठच्या वाळूवरून, गजबजलेल्या रस्त्यांच्या वळणांवरून आणि कित्येक घरांच्या खिडक्यांतूनही ती दिसते. आभाळ निवळ असले म्हणजे दोन्ही बाहू पसरून उभी असलेली ती पांढुरकी आकृती फार लांबूनही ओळखू येते. किंबहुना दुरूनच ती संपूर्ण दिसते. पायथ्याशी गेल्यावर मान मागे टाकली तरी ती डोळ्यांत मावत नाही. असे असूनही दरवर्षी लक्षावधी माणसे त्या माथ्यावर जातात. तेव्हा प्रश्न पडतो की, वर जाऊन पाहायचे ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम त्या डोंगराची, मग मूर्तीची आणि शेवटी खाली पसरलेल्या शहराची ओळख करून घेतली पाहिजे.

रिओ हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वसलेले आहे. १५०२ सालच्या जानेवारीत पोर्तुगीज खलाशी ग्वानाबारा खाडीच्या मुखाशी आले आणि त्यांनी या जागेला ‘जानेवारीची नदी’ असे नाव दिले. १५६५ साली शहराची स्थापना झाली, आणि १७६३ पासून १९६० पर्यंत ते ब्राझीलच्या राजधानीचे ठिकाण होते. गोमंतक आणि ब्राझील हे दोन्ही मुलूख दीर्घकाळ एकाच राजसत्तेखाली असल्यामुळे त्यांच्यात बरीच देवघेव झाली. काजू आणि अननस ही फळे तिकडून आपल्याकडे आली आणि येताना आपली नावेही घेऊन आली. दोन्ही शब्द मूळचे ब्राझीलमधील आदिवासींच्या तुपी भाषेतले. आपला फणस मात्र इकडून तिकडे गेला. शहराच्या मधोमध दोन हजार तीनशे फुटांहून अधिक उंचीचा, म्हणजे ७१० मीटरांचा, एक उभा सुळका आहे. एका बाजूने तो पाठीत वाकल्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव कोर्कोवादो, म्हणजे कुबडा डोंगर.

या कुबड्या डोंगरावर मूर्ती येण्याच्या पुष्कळ आधी आगगाडी आली. सम्राट दुसरा पेद्रो याच्या हस्ते १८८४ साली हा मार्ग खुला झाला. चढ इतका उभा आहे की साध्या रुळांवर चाके घसरली असती. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली आहे, आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत गाडीला वर नेते. आरंभी ही गाडी वाफेवर चाले; १९१० साली ती विजेवर चालू लागली. मार्गाची लांबी पावणेचार किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि कोस्मे व्हेल्यो स्थानकापासून माथ्यालगतच्या स्थानकापर्यंत पोहोचण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. मूर्तीच्या बांधकामाचे सामानसुमान याच गाडीने वर गेले. गाडी नसती तर मूर्तीही झाली नसती, असे म्हणण्यास हरकत नाही.

गाडीच्या दोन्ही अंगांना दाट अरण्य लागते. प्रवासी ते अनादिकालचे समजून पाहतात; परंतु त्यातील पुष्कळसे अरण्य माणसाने लावलेले आहे. एकोणिसाव्या शतकात या उतारांवरील झाडी तोडून कॉफीचे मळे करण्यात आले. परिणामी झरे आटले आणि शहराला पाण्याची टंचाई भासू लागली. तेव्हा सरकारने हे डोंगर पुन्हा वृक्षांनी झाकण्याचे ठरविले आणि १८६१ साली मेजर मनुएल गोमिश आर्शेर यांच्यावर ते काम सोपविले. त्यांच्या हाताखाली सुरुवातीस काम करणारी माणसे पगारी मजूर नव्हती. ते सरकारी मालकीचे मूठभर गुलाम होते. बारा-तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडे लावली गेली. आज तिजुका राष्ट्रीय उद्यान म्हणून प्रसिद्ध असलेल्या या वनात कोकणी किंवा गोमंतकीय माणसाला एक ओळखीचे झाड ठिकठिकाणी भेटते, ते म्हणजे फणस. तेथील हवा त्याला इतकी मानवली की स्थानिक झाडांना त्याचा जाच होऊ लागला, आणि त्याला आवर घालण्याचे काम उद्यानाच्या अधिकाऱ्यांना करावे लागते.

आता मूर्तीकडे वळू. या माथ्यावर धार्मिक स्मारक असावे ही कल्पना प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेद्रो मारिया बॉस नावाच्या एका धर्मगुरूने मांडली, परंतु ती तशीच राहिली. १८८८ साली राजकन्या इझाबेल हिने गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. अमेरिका खंडांत गुलामगिरी सर्वांत शेवटी बंद करणारा देश ब्राझील होय. या कृत्याबद्दल लोक राजकन्येला ‘मुक्तिदात्री’ म्हणू लागले. पुढल्याच वर्षी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, आणि शासन व धर्मसंस्था यांची फारकत झाली. सरकारी खर्चाने धर्मस्मारक उभारण्याचा प्रश्नच मिटला.

कल्पना पुन्हा उचल खाते ती पहिल्या महायुद्धानंतर. १९२२ साली ब्राझीलच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने शहरातील कॅथलिक मंडळींनी स्मारकाचा आग्रह धरला. परवानगीसाठी राष्ट्राध्यक्षांकडे जो अर्ज गेला त्यावर हजारो स्त्रियांच्या सह्या होत्या. विरोधही झाला. मूर्तिपूजा न मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथीयांनी आक्षेप घेतला. धर्म आणि शासन वेगळे झाल्यावर सार्वजनिक डोंगरावर एका धर्माचे चिन्ह कशासाठी, असेही विचारले गेले. हा प्रश्न गैर होता असे म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर एवढेच मिळाले की, खर्च सरकारी तिजोरीतून न करता लोकवर्गणीतून करावा. त्याप्रमाणे घरोघर फिरून वर्गणी जमविण्यात आली. ४ एप्रिल १९२२ रोजी कोनशिला बसली. प्रत्यक्ष बांधकाम १९२६ पासून चालले, आणि १२ ऑक्टोबर १९३१ रोजी मूर्तीचे उद्घाटन झाले.

स्पर्धेत ज्यांचा आराखडा निवडला गेला ते एइतोर द सिल्व्हा कोस्ता हे रिओचेच स्थापत्यविशारद होते. त्यांच्या पहिल्या आराखड्यात ख्रिस्ताच्या एका हातात भला मोठा क्रूस आणि दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल होता. लोकांनी त्याला ‘चेंडूवाला ख्रिस्त’ म्हणून थट्टेवारी नेले. शिवाय एवढ्या उंचीवरची हातातील वस्तू शहरातून नीट ओळखूही आली नसती. तेव्हा चित्रकार कार्लोस ओस्वाल्द यांच्या साह्याने सिल्व्हा कोस्तांनी नवा विचार केला. हातातील क्रूस आणि गोल दोन्ही काढून टाकले, आणि बाहू आडवे पसरले. त्यामुळे देहच क्रूसाच्या आकाराचा झाला. दुरून पाहणाऱ्याला क्रूस दिसतो, आणि जरा जवळून पाहणाऱ्याला, कोणाला तरी कवेत घेण्यासाठी उभा राहिलेला माणूस दिसतो. एकाच आकारात यातना आणि स्वागत हे दोन्ही अर्थ सामावले, हे या मूर्तीचे खरे वैशिष्ट्य.

मात्र हे आडवे बाहू हीच बांधणाऱ्यांची मोठी अडचण ठरली. मूर्तीची उंची ३० मीटर, तिच्याखालील चौथरा ८ मीटर, आणि एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर २८ मीटर आहे. अशा उघड्या सुळक्यावर समुद्रवारा अडविणारे काही नाही. बाहूंचे वजन पेलावे आणि वाऱ्याचा धक्काही सोसावा, यासाठी लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा करावयाचे ठरले. त्याचे गणित आल्बेर काको या फ्रेंच स्थापत्यविशारदाने केले. मूर्तीचे घडण फ्रान्समधील शिल्पकार पॉल लांदोव्स्की यांचे; चेहरा घडविण्याचे काम त्यांच्या हाताखालील रुमानियन शिल्पकार गेओर्गे लिओनिदा याने केले. डोके आणि हात यांचे पूर्ण आकाराचे नमुने पॅरिसमध्ये तयार करून तुकड्यातुकड्यांनी जहाजाने रिओला आणले, आणि तेथे ते काँक्रीटमध्ये ओतले. मूर्ती आतून भरीव नाही; आत मजले आणि जिने आहेत, आणि त्यांवरून चढून दुरुस्तीची माणसे बाहूंपर्यंत आणि डोक्यापर्यंत जातात.

सांगाडा झाला, परंतु उघडे काँक्रीट दिसण्यास रूक्ष. ऊनपावसाने त्याला तडेही जातात. त्यावर काय आवरण घालावे याचा विचार चालू असता सिल्व्हा कोस्तांना पॅरिसमध्ये एक कारंजे दिसले. त्याचा पृष्ठभाग लहान लहान चकचकीत तुकड्यांनी मढविलेला होता, आणि वळणावळणांवर ते तुकडे कापडासारखे बसले होते. हीच युक्ती त्यांनी उचलली. तुकड्यांसाठी मिनास जेराइस प्रांतातील संगजिऱ्याचा दगड निवडला. हा दगड नखाने ओरखडा उठावा इतका मऊ, परंतु उन्हात तापून सहसा तडकत नाही आणि पावसात झिजतही नाही. त्याच प्रांतातील कोंगोन्यास गावी आलेजादिन्यो या शिल्पकाराने १८०० ते १८०५ या काळात संगजिऱ्यातच संदेष्ट्यांच्या मूर्ती घडविल्या, आणि त्या उघड्यावर टिकल्या, हा पुरावा समोर होताच.

दगडाच्या पातळ चकत्यांचे सुमारे तीन सेंटिमीटर बाजूचे त्रिकोण कापले. असे लक्षावधी त्रिकोण लागले. ते एकेक करून उंचावर बसविणे अशक्य होते. म्हणून शहरातील स्त्रिया मोबदला न घेता एकत्र बसल्या, आणि त्यांनी हे त्रिकोण ओळीने कापडाच्या पट्ट्यांवर चिकटविले. मग त्या पट्ट्या वर नेऊन ओल्या सिमेंटवर दाबून बसविल्या गेल्या. चिकटविताना पुष्कळ स्त्रियांनी त्रिकोणांच्या मागच्या बाजूस आपल्या माणसांची नावे लिहिली. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणाचा मुलगा परगावी असेल, कोणाचे कोणी वारलेले असेल. त्या नावांवर सिमेंट बसले आणि ती कायमची झाकली गेली. मूर्तीच्या अंगावरील वस्त्रासारखे जे दिसते, त्याच्या आतल्या बाजूस अशी नावे आहेत. मोठ्या स्मारकांवर दात्यांची नावे बाहेरून कोरण्याची चाल सर्वत्र आहे. येथे ती आतून लिहिलेली आहेत.

उद्घाटनाच्या रात्रीची एक हकीकत बिनतारी यंत्राच्या इतिहासात शोभण्यासारखी आहे. मूर्तीवरील दिवे इटलीहून स्वतः मार्कोनी यांनी बिनतारी संदेश पाठवून लावावेत असे ठरले होते. परंतु हवामानाने दगा दिला, आणि शेवटी रिओतील माणसांनीच दिवे लावले. हवामान आणि मूर्ती यांचा हा झगडा आजतागायत चालू आहे. अशा उंच जागी वर्षातून अनेकदा वीज पडते. मूर्तीच्या डोक्यावर आणि बाहूंवर वीज जमिनीत नेणाऱ्या सळया आहेत. तरीही २०१४ सालच्या जानेवारीत विजेने उजव्या अंगठ्याचे टोक उडविले. २०१० साली मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा हजारो त्रिकोण बदलावे लागले. पूर्वीच्याच रंगाचा दगड आता पुरेसा मिळत नाही, म्हणून नवे तुकडे किंचित गडद असतात. बारकाईने पाहणाऱ्यास मूर्तीच्या अंगावर अशी ठिगळे दिसतात. हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. दोरांवर लोंबकळत काम करणाऱ्या माणसांच्या पिढ्या त्यामागे आहेत, आणि त्यांच्या कष्टांवाचून ही मूर्ती फार काळ टिकली नसती.

गाडीतून उतरल्यावर पूर्वी सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. २००३ साली तेथे पाळणे आणि सरकते जिने बसविण्यात आले, त्यामुळे वृद्ध आणि अपंग माणसांची सोय झाली. चौथऱ्याच्या पोटात एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ते २००६ साली ब्राझीलची आश्रयदात्री अपारेसिदाची माता मारिया हिच्या नावाने अर्पण करण्यात आले. तेथे मिस्सा, बाप्तिस्मे आणि विवाह होतात. भोवतालचे वन राष्ट्राचे, आणि मूर्ती व मंदिर धर्मप्रांताच्या व्यवस्थेतले, अशी तेथील वाटणी आहे. सकाळी गेलेले बरे, कारण मूर्तीचे तोंड पूर्वेकडे असल्यामुळे तेव्हा चेहऱ्यावर ऊन असते. ढग उतरले तर मात्र मूर्तीही दिसत नाही आणि शहरही दिसत नाही. तेवढा नशिबाचा भाग आहे.

सज्जावर पोहोचलेला बहुतेक प्रवासी शहराकडे पाठ करतो, मूर्तीसारखे हात पसरतो आणि छायाचित्र काढवून घेतो. त्यात वावगे काही नाही. परंतु यानंतर त्याने कठड्याशी येऊन खाली पाहिले पाहिजे. समोर खाडीच्या मुखावर साखरेच्या ढेपेसारखा पाव द आसुकार हा डोंगर दिसतो. उजवीकडे सरोवर, त्यापलीकडे इपानेमाची वाळू. मागल्या अंगास, उत्तरेकडे, माराकाना क्रीडांगणाचे वर्तुळ. त्या उत्तर भागात कामकरी लोकांची मोठी वस्ती आहे. तेथील लोक कधी विनोदाने, कधी विनोदाशिवाय म्हणतात, ख्रिस्ताने आमच्याकडे पाठ फिरविली आहे.

आणि अगदी जवळ, शेजारच्याच डोंगराच्या उतारावर, घरांवर घरे रचल्यासारखी एक वस्ती दिसते. तिचे नाव सांता मार्ता. अशा वस्त्यांना तेथे ‘फावेला’ म्हणतात. हे मूळचे एका रानटी झुडुपाचे नाव. ईशान्य ब्राझीलमधील कानुदोस येथील लढाईवरून परतलेले सैनिक १८९७ साली घरे मिळण्याची वाट पाहत रिओतील एका टेकडीवर राहिले, आणि रणभूमीवरील त्या झुडुपाचे नाव त्यांच्या वस्तीला पडले. पुढे गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलेबाळे आणि खेड्यांतून पोटासाठी आलेली माणसे यांनी असे अनेक उतार व्यापले. आज रिओमधील साधारणपणे पाच माणसांमागे एक माणूस अशा वस्तीत राहतो.

येथे दोन डोंगरांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कोर्कोवादोवर प्रवाशांसाठी १८८४ साली आगगाडी आली आणि २००३ साली सरकते जिने आले. सांता मार्ता येथे राहणारी माणसे मात्र पाण्याची भांडी, तांदळाची पोती, आजारी माणसे आणि शवपेट्यासुद्धा शेकडो पायऱ्यांवरून खांद्यावर नेत आली. त्यांच्यासाठी उतारावरून चढणारा डबा सुरू झाला तो २००८ साली. सहलीसाठी येणाऱ्याच्या पायांची काळजी शहराने रोज चढणाऱ्याच्या पायांच्या सव्वाशे वर्षे आधी घेतली. पसरलेल्या बाहूंखाली ही तफावत उघड दिसते. ती दाखविण्यासाठी कोणा वक्त्याची आवश्यकता नाही. कठड्याशी उभे राहिले म्हणजे पुरे.

ही तफावत रिओच्या लोकांच्या लक्षात आली नाही असे नव्हे. १९८९ सालच्या कार्निव्हालमध्ये बैजा-फ्लोर या मंडळाचे रचनाकार जोआओझिन्यो त्रिंता यांनी ख्रिस्ताची एक प्रचंड प्रतिमा केली. ती भिकाऱ्याच्या चिंध्यांतील ख्रिस्ताची होती, आणि तिच्याभोवती फाटक्या कपड्यांतले नर्तक नाचणार होते. धर्मप्रांताने न्यायालयात धाव घेऊन प्रतिमेस मनाई मिळविली. मिरवणुकीच्या रात्री मंडळाने ती प्रतिमा काळ्या प्लास्टिकने झाकून आणली, आणि तिच्यावर एक फलक लावला. मनाई असली तरी आमच्याकडे लक्ष असू दे, असे ख्रिस्ताला विनविणारा तो फलक होता. बक्षिसात मंडळाचा दुसरा क्रमांक आला; परंतु त्या वर्षीचे दुसरे काही कोणाला फारसे आठवत नाही. मनाई करणाऱ्यांना पवित्र प्रतिमेची विटंबना टाळावयाची होती, हे समजण्यासारखे आहे. तथापि, भुकेल्याला आणि उघड्याला जे द्याल ते मलाच दिले असे होईल, ही शुभवर्तमानातील शिकवण लक्षात घेता, चिंध्यांतील ख्रिस्त धर्माला परका होता असे म्हणणे कठीण आहे.

पुढील काळात मूर्तीच शहराच्या वतीने बोलू लागली असे दिसते. २०२० सालच्या ईस्टरला, साथीने जग हादरले असता, तिच्यावर प्रकाशाने डॉक्टरांचा पांढरा झगा आणि अनेक देशांची निशाणे दाखविण्यात आली. २०२३ सालच्या मे महिन्यात, स्पेनमध्ये व्हिनिसियुस जुनिओर या कृष्णवर्णीय ब्राझिलियन खेळाडूचा वर्णावरून अपमान झाला, तेव्हा तिच्यावरील दिवे काही काळ मालविण्यात आले. दिवे लावल्याने किंवा मालविल्याने कोणाचे पोट भरत नाही हे खरे. परंतु आपले बाहू कोणासाठी पसरलेले आहेत हे त्या मूर्तीने वेळोवेळी सांगावे, अशी शहराची अपेक्षा आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते.

ही मूर्ती बांधणाऱ्यांत श्रीमंत होते आणि गरीब होते. ज्या गाडीने सामान आले ती सम्राटाच्या काळातली, आणि ज्या वनातून गाडी आली त्याचा आरंभ गुलामांच्या हातांनी झालेला. त्या गुलामांची नावे कोणत्याही त्रिकोणावर नाहीत. तरी त्यांचे काम मूर्तीच्या पायाशी हिरवे उभे आहे, आणि शहराला पाणी व सावली देत आहे.

मूर्ती पाहण्यासाठी कोर्कोवादो चढण्याचे कारण नाही, असे आरंभी म्हटले. चढण्याचे कारण वेगळेच आहे. मूर्ती शहरातून दिसते, पण मूर्तीला जे दिसते ते शहरातून दिसत नाही. कारण खालून प्रत्येकाला आपापला रस्ता आणि आपापला उतार तेवढा दिसतो. वर गेल्यावर सरोवर, क्रीडांगण, बंगले आणि सांता मार्ताची घरे एका दृष्टिक्षेपात येतात. जाणाऱ्याने अर्धा तास मूर्तीकडे पाहावे, आणि मग तेवढाच वेळ तिच्या शेजारी उभे राहून ती जिकडे पाहते तिकडे पाहावे, म्हणजे तेथवर जाण्याचे सार्थक होते.